पिवळे हातमोजे

आई-आजींच्या या गटाची मी अॅडमिन; कोणी भुताखेतांचं लिहिलं की मी ते काढून टाकते. आज मीच लिहितेय.

लेकीची मुलगी आठ दिवसांची आहे. नखांनी गाल ओरबाडून घेते, पहाटे हातही गार पडतात. म्हणून सकाळी बाजारामागे विणकाम करणाऱ्या आजींकडे लोकरीचे हातमोजे घ्यायला गेले.

पिवळी जोडी मऊ होती. सुट्या धाग्यात बाळाचं बोट आवळतं, म्हणून मी मोजे उलटे करून, आतून बघूनच घेते. आतून नखाचा तुकडा पडला. कागदासारखा पातळ, तान्ह्या बाळाचा.

"आजी, हे वापरलेले आहेत!"

"नाय गो बाय, कालच विणून पुरे केले. नातीच्या हातात घालून माप तेवढं बघितलं."

"बोलवा तिच्या आईला. नखं कशी कापायची ते शिकवते."

आजींच्या सुया थांबल्या नाहीत. "नात वीस दिवसांची असतानाच गेली. चार वर्सं झाली."

त्यांच्यासमोर जोडी परत ठेवायला माझा हात धजेना. घरी आणून कपाटात टाकली. अंघोळ करून आले, तोवर लेकीने ती बाळाला घातली होती.

बाळ शांत झोपलंय. मघाशी मोजे काढायला गेले, तर निघेनात. आत मूठ घट्ट आवळलेली.

"आई, सगळीच बाळं मूठ आवळतात," लेक म्हणाली.

खरं आहे. मीही दोन वाढवलीत. पण त्यांची मूठ मला उघडता यायची.

तुम्ही काय केलं असतं? बाळाला उठवलं असतं?