गाठी मारणारी बाई

दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मला ती घटना आठवते. एकोणीसशे साठनंतरची पहिली वर्षं. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. आमच्या ठाण्यात बाई पोलीस मी एकटीच. एखाद्या बाईला कुठून कुठे पोचवायचं असलं की मला पाठवत. एसटी, आगगाडी, कधी बैलगाडी. पिशवीत भाकरी आणि परत येताना हातात पोचपावती. ते दिवस मला आवडायचे.

आखाजीला आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी जातात. तापीकाठच्या एका गावी एक गुजर शेतकरी बहिणीला न्यायला आला, तर पाणवठ्यावरच्या बायकांनी त्यालाच विचारलं, ती तर पौषापासून तुमच्याकडे ना? तो तिथूनच ठाण्यात आला. फौजदारांनी बसायला सांगितलं, तरी उभाच राहिला. म्हणाला, "मन्ही बहीण जित्ती शे का नही, इतलंच सांगा."

फौजदारांना खुनाचा वास आला. विहिरीत गळ टाकले, नवऱ्याला अटक केली. तो तोंड उघडेना. दुसऱ्या सकाळी फौजदारांचीच धावपळ उडाली. चोवीस तासांच्या आत आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं नाही तर नोकरीवर बेततं. आलेला चहाही त्यांनी परत पाठवला. कोर्टाने नवऱ्याला आमच्याच कोठडीत ठेवायला दिलं.

मला सासूचा जबाब घ्यायला पाठवलं. माझी पद्धत साधी होती: आधी प्रश्न नाहीत, हाताला काम. मी तिच्याजवळ बसून भुईमुगाच्या शेंगा फोडू लागले. हात चालू असले की माणसाला खोटं नीट सांभाळता येत नाही. निम्मं सूप झाल्यावर ती बोलली. सुनेचं तान्हं मूल गेलं, तेव्हापासून ती पदराच्या टोकाला गाठी मारायची, सोडायची, पुन्हा मारायची. मुलगा तिला सुरतेच्या डॉक्टरकडे घेऊन निघाला. नवापूरला तो पाणी आणायला उतरला. परत येतो तो ती डब्यात नाही. दोन दिवस शोधून, लाजेपोटी पोलिसांत न जाता, तो एकटाच घरी आला.

"लोकेस्ले काय सांगतूत, बाई? येडी व्हयनी म्हणीसन? माहेरले गई, असंच सांगं."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. पौषातच नवापूरहून वेडी म्हणून ताब्यात घेतलेल्या एका अनोळखी, न बोलणाऱ्या बाईला मी आणलं होतं. खिडकीशी बसून ती सगळी वाट पदराला गाठी मारत होती. मी तिला भाकरी दिली, ठाण्याच्या आवारातल्या सबजेलात सोडलं, पावती घेतली आणि विसरले. ती केव्हाच इस्पितळात गेली असेल, असं मी धरून चालले होते.

परत येऊन सबजेलात पाहिलं, तर ती तिथेच होती. आता कांबळ्याच्या दशांना गाठी मारत होती. अंगणापलीकडच्या कोठडीत तिच्या खुनाच्या संशयावरून तिचा नवरा बसला होता.

जेलरने फाईल काढली. परिपत्रकात लिहिलं होतं, अशा व्यक्तींना लवकरात लवकर मनोरुग्णालयात हलवावे. तिथून जागा नसल्याचं उत्तर आलं होतं. त्यावर स्मरणपत्रं गेली होती.

"बाई, मी कोणता नियम मोडला ते दाखवा," तो शांतपणे म्हणाला.

त्याने एकही मोडला नव्हता. कायदा होता, पण तो अशा माणसांना ताब्यात ठेवण्यापुरता. बरं करण्याचं काम परिपत्रकावर सोडलेलं.

मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने दोघंही सुटली. भावाने तिला नावाने हाक मारली. तिने ओळखलं की नाही, कळलं नाही. पण उठली आणि त्याच्यामागे चालू लागली. आखाजी होऊन चार दिवस झाले होते.

खिसेकापूला चोवीस तास मिळतात, कारण ते न पाळणाऱ्याला जाब विचारता येतो. तिला 'लवकरात लवकर' मिळालं, त्याचे चार महिने झाले. आमच्यात कोणी दुष्ट नव्हतं, मीही नव्हते. म्हणूनच म्हणते, उपचाराला, खाटेला आणि मुदतीला कायदा हवा, आणि तो न पाळणाऱ्याला शिक्षा. सूचना वाचून आम्ही फाईलला लावतो.

त्यानंतर अशी कोणतीही बाई पोचवली की मी पावतीवर वेळ लिहून घेई आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला विचारायला जाई. मी गेले की लोक कंटाळत, पण हलत. निवृत्त होताना माझ्या जागी आलेल्या मुलीला मी हे समजावून सांगितलं. मुलगी हुशार होती. तिने विचारलं, "बाई, हे नियमात कुठे आहे?"

कुठेच नाही, मी म्हणाले. तिने मान डोलावली, काही न लिहिता वही मिटली आणि पुढचं काम विचारलं.