गौसभाईची धून पिक्चरात गेली

किस्से गोळा करायला मला टाईम न्हाई बाबा. माझी अर्धापूरकडं केळी हाय. तिला पाणी द्यायचं, घड उतरवायचे, व्यापाऱ्यासंगं भांडायचं, ह्यातच दिवस जातो. पण ह्या बेंजो पार्टीचा नाद असा बेकार का, तुम्ही नुसता टेम्पो चालू करा, किस्से मागं लटकून येतात. उतर म्हणलं तरी उतरत न्हाईत!

आन् आता तर कहरच झाला. आमच्या नांदेडच्या नाचगाण्यावर पिक्चर निघालं. बेंजोवाले, डीजेवाले, केसं उभी करून ओरडणारी पोरं, सगळ्यांची गाणी त्यात घेतली. आमचंबी एक घेतलं. तेव्हापासून जो भेटतो तो म्हणतो, दत्ताभाऊ, सांगा की काय काय झालं. म्हणून सांगून राहिलो. मी शिकलेला न्हाई. सातवीत मास्तरानं माझा कान धरला, मी मास्तराचा धरला, शाळा संपली. तवा शुद्धबिद्ध कुणी शोधत बसू नका.

*

पयलं गौसभाई कोण ते ऐका. आमच्या न्यू गुलशन बेंजो पार्टीचा मास्टर. जुन्या नांदेडात राहतो, वय साठीच्या पुढं, दाढी मेंदीनं लालभडक. टेम्पो माझा, सिस्टिम माझी. सिस्टिम म्हणजे भोंगे, बॉक्स, अ‍ॅम्प्लिफायर, सगळं. पण वरात नाचते ती गौसभाईच्या बोटावर.

त्याला हजार गाणी येतात, सगळी पिक्चरची. फक्त एक धून त्याची स्वतःची. कुठल्या पिक्चरात न्हाई, कुठल्या कॅसेटीत न्हाई. ती वाजली का नवरदेव घोड्यावरून उडी मारतो, आन् घोडा एकटाच पुढं जातो. नाचून झालं का घामानं भिजलेला कुणीतरी येतो आन् विचारतो, "चाचा, हे कोणत्या पिक्चरचं?"

गौसभाई म्हणतो, "मेरा है. मी बनवलं."

लोकं हसतात!

मुखेडच्या एका लग्नात तर एक टोपीवाला हटूनच बसला. म्हणला, "खोटं कामून बोलता चाचा? मी ते पिक्चर स्वतः बघितलं. लातूरला. हिरो मरतो शेवटी."

माझं डोकं फिरलं. मी त्याच्या गचांडीला हात घालणार, तर गौसभाईनं मला मागं वढलं आन् त्या माणसाला एकदम अदबीनं विचारलं, "और हिरोईन का क्या होता जी?"

"तिचं दुसऱ्यासंगं लग्न लागतं. तिच्याच वरातीत तर वाजतं हे!"

टेम्पोत बसल्यावर गौसभाईनं बेंजो मांडीवर घेऊन पुसला. मंग म्हणला, "दत्ता, एक बार ये धून पिक्चर में जाना रे. मेरे नाम से. फिर कोई नै पूछता."

बस. म्हाताऱ्याचं एवढंच मागणं. हज बी न्हाई मागितली.

*

आन् एक दिवस पिक्चरवाली बाई खरंच माझ्या केळीत येऊन उभी राहिली! ऋतुजा मॅडम. लातूरची पोरगी, पिक्चरचं शिक्षण पुण्याला केलेलं, पायात बूट, खांद्याला कॅमेरा. मी केळीला पाणी देऊन राहिलो होतो, गुडघ्यापर्यंत चिखल.

म्हणली, "काका, मला नांदेडचा पंक दाखवायचाय पिक्चरमध्ये. तुमची वरात आणि पंक, दोन्ही एकत्र. गाणी सगळी इथल्याच लोकांची."

मी म्हणलं, "पंक म्हणजे?"

"म्हणजे राग, काका."

म्हणलं, "मंग बरोबर माणसाकडं आलीस."

ती खुश झाली. म्हणली, "कसला राग, तर सिस्टिमवरचा!"

मी खोरं बाजूला ठेवलं. म्हणलं, "सिस्टिमवर? सिस्टिमनं काय केलं तुझं?"

"काका, सिस्टिमनंच तर सगळ्यांचं वाटोळं केलंय! पंकवाले म्हणतात, ही सिस्टिम फोडून टाका!"

आता मला सांगा, ज्या माणसानं आत्ताच नवे बॉक्स बसवलेत, त्यानं हे ऐकून काय करावं? मी खोरं परत हातात घेतलं. "हात लावून तर बघ म्हणावं सिस्टिमला! एकेकाला केळीतच गाडतो!"

पोरगी बांधाकडं पळाली. तिथून वरडून सांगून राहिली, "काका, सिस्टिम म्हणजे सरकार! सरकार!"

म्हणलं, "मंग तसं बोल की! ये, चहा घे."

*

त्या पंकवाल्या पोरांतला मुख्य म्हणजे वेदांत. नांदेडचाच. बापानं लातूरला डॉक्टरच्या क्लासला टाकलं होतं. दोन वर्षं क्लास केला, आन् पोरगं गिटार घेऊन परत आलं. अर्धं डोकं चकाचक, अर्ध्यावर केसं, तीबी हिरवी.

पयल्यांदा बघितलं तवा मी कळवळून विचारलं, "न्हाव्याकडं मधीच लाईट गेली काय रं?"

म्हणला, "न्हाई काका. मुद्दाम हाय."

तेबी सोडलं. म्हणलं, तुमच्या पार्टीचं नाव काय? तर म्हणला, "करपा."

करपा! केळीचं पान जाळून टाकतो तो रोग! माझं अख्खं रान त्यानं गेलं होतं, आन् हे टोणगे त्याचं नाव छातीवर छापून फिरतात! "ऊठ," म्हणलं, "माझ्या बांधावरून ऊठ आदी! औषध मारीन तुझ्यावर!"

गौसभाईनं मला बसवलं. म्हणला, "लडके का गाना तो सुन."

गाणं काय? एकच ओळ. "न्हाई जमत! न्हाई जमत! न्हाई जमत!" गळ्याच्या शिरा फुगल्या, बगळे उडाले, शेजारच्या रानातला बैल दावं तोडायला लागला. गौसभाई मातर डोळे मिटून, मान डोलवत, गझल ऐकावी तसं ऐकून राहिला.

संपल्यावर विचारलं, "बेटा, खरंच नै जमत?"

वेदांत म्हणला, "न्हाई चाचा. बायोलॉजी तर अजिबात न्हाई."

"फिर ठीक है. सच्चा गाना है."

त्या दिवसापासून पोरगं गौसभाईच्या पाया पडायला लागलं. आन् ऋतुजा मॅडमनं ठरवून टाकलं, गौसभाईची धून आन् वेदांतचं वरडणं, दोन्ही मिळून पिक्चरचं मेन गाणं. गौसभाईनं विचारलं, "नाम आयेगा?" ती म्हणली, "चाचा, तुमचंच नाव येणार. माझा शब्द."

*

रेकॉर्डिंग लातूरला. एवढीशी खोली, भिंतीला गादीसारखा फोम, मधी काच. काचेपलीकडं रेकॉर्डिंगवाला पोरगा. चपला बाहेर काढायच्या, खोकायचं न्हाई, हलायचं न्हाई. मी म्हणलं, हे गाणं करून राहिले का ऑपरेशन?

त्यानं गौसभाईच्या कानाला हेडफोन लावला. गौसभाईनं लगेच काढला. "अंदर कोई टिकटिक कर रहा."

रेकॉर्डिंगवाला म्हणला, "चाचा, ती क्लिक हाय. तिच्या मागं मागं वाजवायचं."

"मियाँ, पुरी बारात मेरे पीछे चलती. मैं टिकटिक के पीछे चलूँ?"

क्लिक काढली. तरी बोटं उठेनात. पाणी दिलं, चहा दिला, एसी बंद केला. शेवटी गौसभाईनंच लाजत सांगितलं, समोर कुणी नाचल्याशिवाय त्याचा हातच चालत न्हाई!

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघून राहिले? मी टेम्पोचा मालक हाय!"

ऋतुजा मॅडम म्हणली, "काका, चाचांच्या नावाचा प्रश्न आहे."

काय करता? त्या फोमच्या खोलीत, पायात मोजे घालून, मी आन् हिरव्या केसाचा वेदांत, समोरासमोर नाचलो. चप्पल न्हाई म्हणून आवाज न्हाई, आन् मधी गुळगुळीत फरशी. गौसभाईचा हात जो सुटला म्हणता! असा त्यानं कोणत्याच वरातीत वाजवला न्हाई. आन् रंगात आल्यावर वेदांत घसरून माझ्या पायावर पडला. मी वरडलो, "ए येड्या, सरक की तिकडं!"

रेकॉर्डिंगवाल्यानं कपाळ धरलं. म्हणला, आवाज आला, परत घ्यावं लागंल. ऋतुजा मॅडम खुर्चीवरून उठलीच. "हात लावू नको! हाच खरा पंक आहे!"

आता गाण्यात मधीच माझी शिवी हाय. पोरं ती मोबाईलच्या रिंगटोनला लावून फिरतात. बायको म्हणते, घरात फुकट ऐकत होते, आता सगळी दुनिया ऐकून राहिली.

*

मधी एक दिवस त्या रेकॉर्डिंगवाल्याचा फोन आला. रडका आवाज. "काका, लई वाईट झालं. मास्टर करप्ट झाला."

आमच्या धंद्यात मास्टर म्हणजे बेंजो वाजवणारा. गौसभाई! मी म्हणलं, "करप्ट? कधीपासून?"

"कालपातूर चांगला होता काका. आज सकाळी बघितलं तर पार करप्ट. उघडूनच न्हाई राहिला."

मी फोन आपटला, गाडीला किक मारली, सरळ गौसभाईच्या दारात. म्हातारा जेवायला बसला होता, हातात पयलाच घास. मी उंबऱ्यातूनच वरडलो, "गौसभाई, लाज न्हाई वाटत? दुसऱ्या पार्टीचं खाल्लं तुम्ही!"

गौसभाईनं घासाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "अल्ला कसम दत्ता, सुबू से कुछ भी नै खाया!"

आतून भाभी वरडली, "डालचा तो मैंने बनाई! कौनसी पार्टी?"

वेदांतला फोन लावला तवा कळलं, मास्टर म्हणजे गाण्याची शेवटची पक्की फाईल. तिची दुसरी कॉपी ऋतुजा मॅडमकडं होती, म्हणून वाचलं. पण तिथून पुढं महिनाभर मी घरात आलो का भाभी ताट झाकून ठेवायची.

*

पिक्चर पूर्ण झालं आन् गाण्यांची कंपनी मधी आली. मुंबईची. ऋतुजा मॅडमनं सांगितलं, कंपनीनं धूनच्या पुढं नाव टाकलंय, "पारंपरिक".

मी म्हणलं, "हे पारंपरिक कोण? कुठला हाय? आणा त्याला."

"काका, पारंपरिक म्हणजे लई जुनी धून. कुणी बनवली माहीत न्हाई. बनवणारा केव्हाच गेलेला."

"गेलेला? माझ्यासमोर बशीत चहा वतून पिऊन राहिला तो!"

तिनं तिथूनच कंपनीला फोन लावला आन् स्पीकरवर टाकला. पलीकडून एक गोड आवाज म्हणला, "सर, ही धून मराठवाड्यात सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे ती एका माणसाची कशी असेल?"

मी म्हणलं, "तुझ्या बापाला तुझ्या गल्लीत सगळे ओळखतात. म्हणून तो काय सगळ्यांचा बाप झाला काय?"

फोन कट. ऋतुजा मॅडमनं डोक्याला हात लावला. पुढं ती लई भांडली, मुंबईला दोन चकरा मारल्या.

नांदेडच्या टॉकीजात पिक्चर लागलं तवा आम्ही सगळे गेलो. गौसभाईनं नवी शेरवानी घातलेली. गाणं लागलं आन् पब्लिक खुर्च्यांवर चढली! शिट्ट्या, रुमाल, कुणी तर शर्टच काढला. गौसभाई तेवढा एकटा बसून, हात मांडीवर, नाव यायची वाट बघून राहिला.

नावं शेवटी आली. तवा लाईट लागलेली, लोकं दाराकडं निघालेली. मी दारात आडवा झालो. "एकबी जण हलायचा न्हाई! नाव येऊन राहिलं!" लोकं घाबरून थांबली. वेदांत उभा राहून मोठ्यानं वाचायला लागला, कारण अक्षरं मुंगीएवढी.

"बेंजो, गौसभाई."

आम्ही टाळ्या वाजवणार, तर त्याच्याच खालची ओळ त्यानं जरा हळू वाचली. "धून, पारंपरिक."

ऋतुजा मॅडमच्या डोळ्यात पाणी. "चाचा, मी हरले."

गौसभाई उठला, शेरवानी झटकली. म्हणला, "रो मत बेटा. बजाया मैंने, इत्ता तो माने."

*

त्यानंतर पंधरा दिवसांनी कंधारला वरात होती. भर दुपारची. नवरदेव घोड्यावर, पोरं तयार, गौसभाईनं त्याची धून धरली. पब्लिक अशी नाचली का रस्ताच दिसेना.

तेवढ्यात शूटिंगवाला धावत आला. तो नवरदेवाच्या दुबईच्या भावासाठी वरात मोबाईलवरून लाइव्ह दाखवून राहिला होता. "चाचा, बंद करा, बंद करा! ही धून वाजली का लाइव्ह कट होतंय! कॉपीराइट हाय तिच्यावर!"

गौसभाई थांबला. वरात थांबली. मी टेम्पोतून खाली उतरलो, बाह्या सरकवल्या. गौसभाईनं हात करून मला जाग्यावरच उभं केलं.

शूटिंगवाल्याला म्हणला, "कॉपीराइट मतलब क्या जी?"

पोरगा नीट समजावून सांगायला लागला. "चाचा, ती पिक्चरची धून हाय. तुमची थोडीच हाय? ज्यानं बनवली त्याला विचारल्याबिगर न्हाई वाजवता येत."

"विचारावं लागतं?"

"लागतंच."

"बरं. विचारतो."

गौसभाईनं बेंजोवर दोन्ही हात ठेवले, डोळे मिटले, मान खाली घातली. घोडा फुरफुरला. नवरदेव वरून वाकून बघून राहिला.

मंग त्यानं डोळे उघडले.

"हो म्हणला. दत्ता, आवाज वाढव!"