आयर्लंडचे दगड आणि आमच्या वाडीतला धोंडा

मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात तपासणीचं काम करते आणि संध्याकाळी बिरवाडीच्या जिममध्ये वजनं उचलते. पहिलं लोकांना पटतं, दुसरं पटत नाही. "या वयात कशाला?" असं कोणी विचारलं की पूर्वी मी समजावत बसायचे. आता म्हणते, "तुम्हाला उचलून दाखवू का?" विषय तिथंच संपतो.

एकदा सकाळच्या पाळीला जाताना बसमध्ये मोबाइलवर आयर्लंडमधल्या जुन्या ताकदवान लोकांची माहिती हाती लागली आणि मी वेडीच झाले. डंबेल आणि सर्कशीतले पैलवान येण्याच्या कितीतरी आधी तिकडे गावोगाव एकेक दगड ठरलेला असायचा. कुठं दफनभूमीच्या भिंतीशी, कुठं लोहाराच्या दारात. लग्नाला, मयताला माणसं जमली की कोणीतरी त्या दगडाला हात घालायचाच. जमिनीपासून सुटून खालून वारा गेला तरी मान मिळायचा. गुडघ्यापर्यंत आणला तर जास्त, छातीला लावला तर बघायलाच नको. पुढं पोटापाण्यासाठी माणसं परदेशी गेली, गावं ओस पडली, दगड गवतात बुडाले. आता काही जण ते शोधून काढतायत. फार पूर्वी शाळेतल्या मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून लिहिलेल्या वह्या वाचायच्या, गावात जाऊन चौकशी करायची, झुडपं तोडायची आणि दगड पुन्हा उचलायचा.

बस कारखान्याच्या फाटकाशी थांबली तरी मी जागची उठेना. अहो, असा धोंडा आमच्याकडे आहे.

माझं माहेर पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या बाजूला, वीसेक घरांची वाडी. देवळासमोर काळा, गोल, गुळगुळीत धोंडा. पूर्वी कोणी कोणी तो उचलायचे, एवढंच ऐकलेलं. जेवणाच्या सुट्टीत आईला फोन केला. ती म्हणाली, "हाय की अजून. पण सोमवारी देवळापुढच्या नव्या चौथऱ्यात जायचा. काका म्हणतात मधोमध बसवायचा, वर सिमेंट."

रविवारी सकाळीच स्कूटर काढली. देवळापुढं काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, आणि आणखी तीन म्हातारे बसले होते. गवंडी विटा रचत होता. मी आयर्लंडवाल्यांसारखी वही उघडून विचारायला बसले. एकाच्या आज्यानं धोंडा एका हातानं उचललेला. दुसऱ्याच्या चुलत्यानं तो खांद्यावर घेऊन देवळाला फेरी मारलेली.

"तुम्ही बघितलंत?"

"बघितलं नाय. आमी तवा मुंबैला."

प्रत्येकाचं तेच. सगळे मुंबईला. मग वाडीत होतं कोण? मी मूर्खासारखी इतका वेळ चुकीच्या माणसांना विचारत होते.

आई चहा घेऊन आली होती. ती सहज म्हणाली, "आमी उचललाय की. नागपंचमीला फेर झाला का बायका हात लावायच्या. माझ्या गुडघ्यापतूर आलावता."

काका हसले. "काय पण वयनी." बाकीचेही हसले. आई रिकामे कप गोळा करायला लागली. तिचं ते खाली बघून कप गोळा करणं मला सहन होईना. आईला खोटं बोलताना मी आजवर पाहिलेलं नाही. आणि उद्या धोंडा सिमेंटखाली गेला की ती सगळ्यांच्या लेखी थापाडी ठरणार, कायमची.

मी ओढणी कमरेला बांधली.

"काय गो, ह्या काय? देव हाय तो," काका म्हणाले. "देव उचलायचा नसतो."

"मग शिमग्याला पालखी खांद्यावर घेऊन नाचता, ते काय?" मी म्हटलं. धोंड्याला शेंदूरही काकांनीच गेल्या वर्षी फासलेला.

मी वाकले, दोन्ही बाजूंनी धरला, जोर लावला. शेंदराच्या तेलावरून हात सटकले आणि मी सरळ मातीत बसले. म्हातारे पुन्हा हसले.

"वरनं धरू नको," आई मागून म्हणाली. आवाज अगदी साधा, भाकरी उलट म्हणावं तसा. "देवळाच्या अंगाला त्याच्या खाली खाच हाय. तिथं डावी बोटं घाल. पोटाशी घे आन् मांड्यांनी ऊठ."

मी चाचपून पाहिलं. खाच होती. मातीत दडलेली, वरून बघून कोणाला कळली नसती. बरोबर चार बोटांची. मी हात मातीला पुसले, धोंडा पोटाशी कवटाळला आणि उठले. तो सुटला. गुडघ्यापर्यंत नाही, वीतभरच, पण सुटला, आणि गवंडी ओरडला, "सुटला, सुटला." मी तो खाली ठेवला तेव्हा मी लहान पोरीसारखी हसत होते. इतका आनंद मला पगारवाढीलाही झाला नव्हता.

हसणारे बाकी कोणी नव्हते. चारही म्हातारे आईकडे बघत होते. ती खाच तिला ठाऊक कशी, हे विचारायची कोणालाच गरज नव्हती.

काकांनी गवंड्याला हातानंच थांब म्हणून खुणावलं. मग चप्पल काढली, बाह्या वर केल्या आणि गुडघे धरत धरत धोंड्यापुढं बसले. बराच वेळ त्याच्याखाली चाचपडत राहिले. चाळीस वर्षांत त्यांनी आईला चहा आणि जेवणापलीकडे काही विचारल्याचं मला आठवत नाही.

"वयनी," ते मान वर न करता म्हणाले, "बोटं नक्की कुठं घातलीवती तुमी?"

आईनं कप खाली ठेवले आणि पदर खोचला. "सरा जरा भावजी," ती म्हणाली.