न विचारता वाढलेलं ताट

सरांच्या घरी कुणीही, कधीही जावं, "जेवलात का?" हा प्रश्न त्यांनी जन्मात कुणाला विचारला नाही. आपण चपला काढेपर्यंत आत काकूंना आवाज जायचा, "ताट वाढ गं!" वाटूर फाट्यावरच्या त्यांच्या कॉम्प्युटर क्लासात आम्ही त्यांना पाठीमागे 'ताटवाढे सर'च म्हणायचो.

एकदा मी धीर करून म्हटलं, "सर, विचारून तरी बघा."

"विचारलं की माणूस भिडंनं 'झालं' म्हणतो, मंग उपाशी जातो. जेवला न्हाई आसंच धरायचं. जेवला आसंल तर सांगंल बराबर."

डेटाबेसही ते असाच शिकवायचे. टेबल, म्हणजे माहितीचा तक्ता, तयार करतानाच रकान्याला डिफॉल्ट द्यायचं, म्हणजे आपण काही भरलं नाही तर मशीननं आपणहून काय लिहायचं, ते ठरवून ठेवायचं. मला ती टायपिंग वाचवायची सोय वाटायची.

पुढे मी तिथंच नोकरीला लागले आणि मोतीबिंदूच्या एका शिबिराची यादी कॉम्प्युटरवर भरायला आमच्याकडे आली. बहुतेकांची तपासणी झालेली, म्हणून 'तपासणी झाली' या रकान्याला मी डिफॉल्ट ठोकून दिलं, 'होय'. स्वतःच्या हुशारीवर भलतीच खूष! मागाहून आलेली नावं भरताना तो रकाना कोरा सोडला आणि मशीननं इमानेइतबारे 'होय' लिहून टाकलं. शेवटच्या दिवशी राहिलेल्यांना न्यायला जीप निघाली, तिच्या यादीत जवळच्या वाडीतल्या गंगूबाईचं नावच नव्हतं.

दुपारी तिच्या सुनेचा फोन आला. "सर, आत्याबाई सकाळपासून सडकंवर बसून राह्यल्या. गाडी तर कवाच गेली!"

सर ओरडले नाहीत. क्लासला कुलूप लावलं, ओळखीची जीप काढली आणि मलाही आत बसवलं.

"मावशी, गाडीला हाक मारायची न्हाई का?" त्यांनी गंगूबाईला विचारलं.

"म्हणलं, कशाला कुणाला तकलीफ द्यावी?"

सरांनी तिला हात धरून जीपमध्ये बसवलं. जालन्यात शिबिराचे डॉक्टर आवराआवर करत होते. सरांनी हातापाया पडून त्यांना थांबवलं आणि तिची तपासणी करून घेतली. महिन्याभरानं, ऑपरेशन झाल्यावर, गंगूबाई शेंगांची पिशवी घेऊन क्लासात आली, मला निरखून म्हणाली, "तूच व्हय ती? आवाजावरनं मोठी वाटल्ती!" सर पोट धरून हसले आणि तिला जेवायला घरी घेऊन गेले.

सर गेले तेव्हा मी दूर नोकरीला होते. पंधरा दिवसांनी काकूंना भेटायला गेले. सकाळपासून पोटात काही नव्हतं, तरी दुःखाच्या घरी त्रास नको म्हणून 'जेवून आले' असं सांगायचं वाटेतच ठरवलं होतं.

काकूंनी विचारलंच नाही. डोळे पुसत आत गेल्या आणि ताट वाढून आणलं.