शालिनीमावशी आणि वरचं ऑफिस

शालिनीमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथे अमेरिकेत, आमच्या ट्रॉय गावात, वाणसामानाच्या दुकानाबाहेर गाडीत बसले होते. तिची मुलगी मीरा एवढंच म्हणाली, "ताई, आई गेली. झोपेतच... काल एकदम फाइन होती गं." मी रडले ते नंतर. आधी मनात आलं, की आता पोलिसांचा कागद आला तर विचारायचं कोणाला? स्वतःचीच लाज वाटली. पण इथल्या निम्म्या मराठी घरांत त्या दिवशी हाच विचार आला असणार, यावर मी पैज लावायला तयार आहे. मावशी नागपूरची. कौंटीच्या शेरीफकडे, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या पोलिसांकडे, रेकॉर्ड रूममध्ये तीस वर्षं फायली सांभाळून ती निवृत्त झाली होती. आमच्या डॉक्टर-इंजिनिअरांच्या घोळक्यात या नोकरीला कोणी फारसं मोजत नसे. "ह्या पोलिसात होत्या बरं का" असं म्हणून लोक हसायचे, आणि घरात चोरी झाली की तिलाच फोन लावायचे. तिला दोन्हीची गंमत वाटायची.

मीही अशीच तिच्या दारात गेले. आम्ही सगळे गणपतीच्या कार्यक्रमाला शाळेच्या हॉलमध्ये होतो आणि इकडे घर फुटलं. त्या दिवसांत आसपासच्या गावांत भारतीयांचीच घरं फुटत होती, कारण सोनं घरात ठेवणारे आम्हीच. पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाई, म्हणजे माई, आत शिरल्या त्या थेट देवघरापाशी. चोरांनी देवघराचे खणसुद्धा उपसले होते. मी फोनवर पोलिसांना पत्ता सांगत होते, तोवर माईंनी ओल्या फडक्याने देवघर, कपाट, दारांच्या मुठी, सगळं लख्ख पुसून काढलं. परक्यांचे हात लागले होते ना! ठसे घ्यायला आलेला पोलीस त्या चकचकीत लाकडाकडे बघतच राहिला. मी घाईघाईने सांगून टाकलं, की आमचं घर नेहमीच असं स्वच्छ असतं.

पुढे महिनाभर काही हलेना. तशाच चोऱ्या शेजारच्या ओहायो राज्यातही होताहेत असं कळलं, तेव्हा मी खास आपल्याकडचा उपाय केला. वर तक्रार! गावचे पोलीस लक्ष देत नाहीत म्हणून राज्याच्या पोलिसांना आणि फेडरल, म्हणजे केंद्राच्या ऑफिसला लांबलचक ईमेल पाठवली, त्यात आमची केस बघणाऱ्या गावच्या डिटेक्टिव्हचं नावही घातलं. दोन्हीकडून गोड भाषेत एकच उत्तर आलं, तुमच्या गावच्या पोलिसांशी संपर्क साधा. ते प्रिंट करून मी मावशीकडे नेलं. वाचून ती आधी हसली आणि मग भडकली.

"काय करून राहिली तू हे? ज्याच्या हातात तुझी केस, त्याचीच चुगली?"

"पण मावशी, फेडरलवाले वरचे ना?"

"कोण वरचं? हे काय आपलं मंत्रालय आहे? इथं एक वर, एक खाली असं नाही पोरी. बाजूबाजूला आहेत सगळे."

मग तिने मला लहान मुलीसारखं समजावलं. घरफोडी गावच्या पोलिसांची. राज्याचे पोलीस मदतीला येतात, त्यांची लॅब देतात. चोरीचा मोठा माल राज्याची हद्द ओलांडून गेला, तर तो फेडरल गुन्हाही होतो, पण म्हणून गावची केस गावाच्या हातून जात नाही. दोघं आपापली केस चालवू शकतात. मग टास्क फोर्स करतात, म्हणजे प्रत्येकाने आपला माणूस द्यायचा आणि सगळ्यांनी एका टेबलाशी बसायचं. "आणि त्या टेबलावर तुझी फाइल कोण ठेवीन? तुझा गावचाच डिटेक्टिव्ह! भांडतात, रुसतात, पण एकमेकांना विचारल्याशिवाय चालत नाही त्यांचं. मला तेच आवडलं, म्हणून टिकले तिथं."

ठशांचं काय झालं, असं तिने विचारलं. मी फडक्याची हकीकत सांगितली.

"शिवले म्हणून पुसलं?" तिने विचारलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मावशीचं घराणं आंबेडकरी, बौद्ध. त्या तीन शब्दांमागे काय काय होतं ते मला कळलं, आणि माझी मान वर होईना... पण तिने तो विषय तिथेच सोडला आणि कामाचं बोलली. बाकीच्या घरांत ठसे सापडले होते, आमच्याकडे एकही नाही. म्हणजे आमच्याकडची टोळी वेगळी, असं धरून डिटेक्टिव्हने आमची फाइल त्या टेबलावर नेलीच नसणार. "तुझ्या सासूला घेऊन ये उद्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मावशीने स्वयंपाकघरात चहा विचारला, तेव्हा माई "आज माझा कडक उपास आहे" म्हणाल्या. मग तिथेच त्यांना सगळं कळलं, आणि त्या कोसळल्याच. "म्हणजे माझ्या हातानं मी..." आणि मग रडता रडता दुसरी गोष्ट बाहेर पडली. त्यांच्या आईचा चपलाहारही गेला होता, आणि तो त्यांनी चोरीच्या यादीत लिहूच दिला नव्हता. येताना कस्टमवाल्यांना सांगितला नव्हता, आता कळलं तर परत येऊ देणार नाहीत, ही भीती. मलाही तेव्हाच कळलं. मावशी म्हणाली, "अहो माई, डिटेक्टिव्हला तुमच्या कस्टमशी काय घेणंदेणं? त्याला चोर पाहिजे. खरं सांगा, मी येते सोबत." पावत्या कुठून असणार? मग माईंच्या लग्नाचा फोटो पुण्याहून मागवला. त्यात नवरी इतकी रडवेली, की मावशी म्हणाली, "चेहरा कापून टाकू, हार तेवढा ठेवू." माई पहिल्यांदा हसल्या.

डिटेक्टिव्हसमोर माईंनी हात जोडून दोन्ही गोष्टी कबूल केल्या, मावशीने इंग्रजीत सांगितल्या. मी माझ्या ईमेलबद्दल माफी मागितली. त्याने डोकं खाजवलं आणि आमची फाइल टास्क फोर्सकडे नेली. पुढे ओहायोत छापा पडला, खटला चालला, आणि दोन वर्षांनी चपलाहार घरी आला. बाकीचं सोनं वितळून गेलं होतं. यादीत नसता तर हार कुठल्या तरी कपाटात बेवारस पडून राहिला असता.

मागच्या महिन्यात मीराकडे मावशीसाठी बुद्धवंदना होती. माई हल्ली आमच्याकडेच असतात. गुडघे दुखत असूनही यायचंच म्हणाल्या. वंदना झाली, लोक पांगले, आणि माई सरळ स्वयंपाकघरात जाऊन टेबलाशी बसल्या. मावशीची खुर्ची कोणी हलवली नव्हती, पाठीवर तिचा स्वेटर तसाच. मीराने विचारलं, "आजी, पाणी देऊ? की फळ? आई म्हणायची, यू वेअर फास्टिंग दॅट डे, म्हणून तुम्हाला चहा विचारायचा नाही."

माई स्वेटरकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशी माझा उपास नव्हता गं."

मीरा हळूच म्हणाली, "शी न्यू, आजी. आईला ठाऊक होतं."

माईंनी टेबलावरचा हात स्वेटरवर नेऊन ठेवला, आणि म्हणाल्या, "चहा टाक बाळा. कपभर."