केसरीनाथांचे अमेरिकन शेत

वडप्याच्या केसरीनाथांना एक दृष्टिदोष होता. मोकळी जमीन दिसली की तिच्यावर त्यांना पत्रे दिसू लागत. महामार्गालगतची त्यांची भातशेती अशीच एकेक करून गोडाऊनांखाली गेली आणि लोक त्यांना शेठ म्हणू लागले. उरला होता तो घरामागचा तुकडा. तो पत्नी पार्वतीबाईंच्या नावावर होता आणि त्या सही करत नव्हत्या.

"सैपाक करताना खिडकीतून भात दिसला पायजे," एवढेच त्यांचे म्हणणे.

केसरीनाथांनी यावर सुसंस्कृत तोडगा काढला. २००६ सालच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या कॅलेंडरवर जुन्या अमेरिकन चित्रकाराने रंगवलेले शेत होते: सोनेरी गहू, गवताने भरलेली बैलगाडी, मागे प्रचंड लाकडी कोठार. मुलगी रुचिकाने खालचा इंग्रजी मजकूर वाचून सांगितले, "दीडशे वर्षांपूर्वीचं आहे, बाबा."

"दीडशे वर्सांमागं येवढं गोडाऊन?" केसरीनाथ हरखले. "म्हनून ती मानसं पुढं गेली!"

ट्रकांवर मोर आणि कमळे रंगवणाऱ्या पंढरीला त्यांनी हे चित्र भिंतभर करायला सांगितले. पंढरीला ताडपत्रीखेरीज दुसरे कापड ठाऊक नव्हते. त्याने तिच्यावरच ते इमानाने उतरवले. केसरीनाथांनी एकच उणीव दाखवली. "शटर न्हाय. माल चोरीला जाईल." पंढरीने कोठाराला निळे शटर रंगवले.

चित्र स्वयंपाकघरात लागले. "घे. जल्मभर पीक उभं. ना लावनी, ना कापनी. आता कर सही."

पार्वतीबाईंनी ताडपत्री बोटांनी चाचपली. "यातून पानी जातं?"

"थेंब न्हाय जायाचा!" केसरीनाथ अभिमानाने म्हणाले.

भाताची झोडणी आटोपली आणि आभाळ अवेळी भरून आले. त्याच दिवशी बिल्डर कागद घेऊन हजर झाला. केसरीनाथ त्याला जागा दाखवायला मागच्या दारी गेले. पार्वतीबाई रचलेल्या पेंढ्याच्या उडवीवर अमेरिका अंथरून कडेने दगड ठेवत होत्या.

"अवो, हितं गोडाऊन पायजे व्हतं ना? झालं बगा उभं," त्या न वळता म्हणाल्या. "सही न्हाय लागली."

बिल्डरने कागद पुन्हा पिशवीत घातले. केसरीनाथांनी उडवीभोवती एक फेरी मारली. शेवटी त्यांना राहवले नाही.

"शटर तरी रस्त्याकडं कर गो!"