दुखायची थांबलेली दाढ

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. दंतवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला रूट कॅनालसाठी पेशंट शोधायची वेळ आली, तेव्हा ओळखीपाळखीचं दुसरं कोणी नसल्यामुळे मी सरळ बाळकुमला राहणाऱ्या माझ्या आत्याकडे गेले. तिची डावीकडची खालची दाढ ठणकत होती. उजवीकडे चावायला काही उरलेलंच नव्हतं. ही दाढ गेली तर भाकरी कुस्करून खावी लागणार, एवढं तिलाही कळत होतं.

कॉलेजच्या खुर्चीत बसवून मी तिच्या दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणला, औषध घशात उतरू नये म्हणून. मग दाढेच्या मुळांमधल्या बारीक नळ्या साफ करत, सुईने औषध सोडून धुतल्या. औषधाच्या उग्र वासाने आत्याने नाक मुरडलं. पडदा काढताच म्हणाली, "अगं, हे तर मोरीत टाकतात तेच."

"तसलंच, पण पातळ केलेलं."

"म्हणजे माझं तोंड मोरी."

शेजारच्या खुर्चीजवळची मैत्रीण हसली. मला हसू आलं नाही. नळ्यांत जंतू राहिले तर वरून कितीही छान भरलं तरी दाढ पुन्हा पिकते, हीच धाकधूक होती. आत जंतू मारणारी पेस्ट ठेवली, वर तात्पुरतं पांढरं सिमेंट लावलं. सिमेंट काढायचं नाही, मिश्री लावायची नाही, पुढच्या आठवड्यात यायचं, असं नीट समजावलं.

"हो," आत्या म्हणाली. तिचं हो म्हणजे ऐकलं. पटलं असं नव्हे.

ती आलीच नाही. फोन केला तर म्हणाली, "दुखत नाही ना आता. दुखत नसताना माणूस देवळात जातो, दवाखान्यात नाही."

ती आली ती गाल सुजवून, पदराने तोंड झाकून. आरशाने आत पाहिलं. सिमेंट गायब. खड्ड्यात काळी मिश्री.

"सिमेंट कुठे गेलं, आत्या?"

"ते होय? शीत अडकल्यासारखं वाटायचं सारखं. पिनेने काढलं."

"आणि मिश्री?"

"ती नंतर. पुन्हा दुखायला लागलं म्हणून दाबून भरली."

आमच्या मॅडमनी पाहिलं. "पहिल्यापासून धू. पुढच्या वेळी नळ्या कोरड्या मिळाल्या नाहीत तर दाढ काढायला पाठवू."

मला रडू येत होतं. जंतूंची इंग्रजी नावं मी रात्रंदिवस घोकलेली, आणि साधं एक वाक्य माझ्याच माणसाला पटवता येत नव्हतं. मी धूत राहिले. काळपट पाणी बऱ्याच वेळाने स्वच्छ झालं. पुन्हा पेस्ट, पुन्हा सिमेंट.

"आता तू वर्तकनगरला आमच्याकडे राहायचंस," मी म्हटलं.

"माहेरपणाला नेतेस की डांबायला?"

"डांबायला."

घरी वेगळीच तऱ्हा. तिच्या उशीखाली मिश्रीची नवी डबी सापडली. पप्पांनी आणून दिलेली.

"पप्पा, तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"अगं, मोठी बहीण आहे. माहेरी आलीये. तिला नाही कसं म्हणू?"

"दात जाईल तिचा."

"मी पण तेच सांगितलं तिला," पप्पा म्हणाले. "डबी देताना."

डबी मी माझ्या बॅगेत टाकली आणि कॉलेजलाही घेऊन गेले. तरी रोज सकाळी तिचं सिमेंट तपासायचे. बापलेकीत दोन दिवस बोलणं नव्हतं.

ठरल्या दिवशी सूज उतरलेली होती. नळ्या धुऊन मी त्यांत कागदाची बारीक काडी घातली. ओली आली. दुसरी घातली. मग आणखी एक. ती पांढरीफटक, कोरडी बाहेर आली. मॅडमनी ती उजेडात धरली, वास घेतला आणि म्हणाल्या, "भर."

खुर्चीतून उतरताना आत्या म्हणाली, "एवढा घाट घातलास, पण दुखायचं तर पहिल्याच दिवशी थांबलं होतं."

मी हातमोजे काढत म्हटलं, "वर कॅप बसवायचीये. पुढच्या आठवड्यात यायचं."

"हो," ती म्हणाली.

गेटबाहेर ती बाळकुमच्या बसकडे वळली. मी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि वर्तकनगरसाठी रिक्षाला हात केला.